नुसते ‘काही न घालणे’ म्हणजे सेंद्रिय शेती नव्हे
पूर्व आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांची शिस्त



शिवारफेरीत एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, बांधावरच्या आमच्या आंब्याला जन्मात खत नाही की औषध नाही. मग तो सेंद्रियच की!” हाच प्रश्न केनिया, युगांडा, टांझानिया या पूर्व आफ्रिकेतील देशांत लाखो लहान शेतकऱ्यांपुढे होता. एकर-दोन एकरांचे धनी. रासायनिक खत विकत घेण्याची अनेकांची ऐपतच नव्हती. तरी बाजारात तोंडच्या शब्दाला सेंद्रियचा भाव मिळेना. गिऱ्हाईक विचारी, “पुरावा काय?”

पुराव्यासाठी आधी सर्वांना मान्य असे मानक लागते. ते २००७ साली पूर्व आफ्रिकी समुदायाने स्वीकारले. युरोपनंतरचे हे जगातील दुसरे प्रादेशिक सेंद्रिय मानक. तेथील सेंद्रिय चळवळी आणि सरकारी मानक संस्था यांनी एकत्र बसून ते तयार केले. त्याच्या चिन्हाचे नाव ‘किलिमोहाय’. स्वाहिली भाषेत ‘किलिमो’ म्हणजे शेती आणि ‘हाय’ म्हणजे जिवंत. नाव मोठे बोलके आहे. काय घालू नये एवढेच सांगून हे मानक थांबत नाही. जमिनीचा कस राखण्यासाठी काय केले पाहिजे, तेही सांगते. पिकांची फेरपालट, द्विदल पिके, कुजवलेले खत, माती धरून ठेवणे. काही न घालता वर्षानुवर्षे पीक काढत राहणे ही तर जमिनीची लूट झाली!

आता तपासणीचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याला कसा झेपावा? म्हणून गट करतात. गटाच्या दप्तरी प्रत्येकाचे नाव, शेताचा नकाशा, करार आणि पिकाची नोंद असते. गटाचाच तपासनीस वर्षातून किमान एकदा प्रत्येक शेतावर जातो. मग बाहेरची संस्था दप्तर पाहते आणि काही निवडक शेतांवर जाऊन पडताळा घेते. आपल्याकडे चिटबॉय लागणीची नोंद घेतो, तशातलाच हा प्रकार. पण तिथे एकाने चोरून फवारा मारला आणि गटाने तो झाकला, तर दाखला सगळ्यांचाच धोक्यात येतो. शेजाऱ्याची भीड धरून चालत नाही बरं का!

कधी कधी शेतकऱ्याची काहीच चूक नसतानाही घाला येतो. २००८ साली उत्तर युगांडातील अपाच व ओयाम जिल्ह्यांत हिवतापाचे डास मारण्यासाठी घरांत डीडीटी फवारले गेले. शेतात थेंबही पडला नव्हता. पण कापूस, तीळ घरातच साठवतात ना! सेंद्रिय माल घेणाऱ्या निर्यातदारांनी खरेदी थांबवली, प्रकरण न्यायालयात गेले आणि फवारणी थांबली. हिवताप काही खोटा नव्हता, तोही माणसे मारतो. पण तोवर शेतकऱ्याचा माल घरातच पडून होता.

म्हणून मानकाच्या जोडीला शिक्षण लागते. केनिया इन्स्टिट्यूट ऑफ ऑरगॅनिक फार्मिंग ही संस्था १९८६ पासून लहान शेतकऱ्यांना हे शिकवू लागली. केनियातीलच ‘इसिपे’ या कीटक संशोधन संस्थेने इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्राच्या सहकार्याने मक्यासाठी एक नामी पद्धत काढली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चाऱ्याचे पीक आणि कडेने नेपियर गवत लावायचे. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर पळतात आणि कडेच्या गवतावर अंडी घालतात. तिथे बहुतेक अळ्या जगत नाहीत. आपल्या टारफुल्याच्या जातकुळीतले तणही डेस्मोडियमच्या मुळांमुळे हटते. वर जनावरांना चारा! औषधाच्या डब्याला पर्याय दिला, तर शेतकरी नियम पाळतो. नुसते “मारू नका” म्हणून कोण ऐकतो?

नियम मात्र एका जागी राहत नाहीत. युरोपचा नवा सेंद्रिय कायदा २०२२ पासून लागू झाला. परदेशातील गटांना जुळवून घेण्यास मुदत मिळाली. त्यात गटाला २००० सभासदांची मर्यादा आहे, गट शेतकऱ्यांचाच आणि कायदेशीर नोंदणी झालेला असावा लागतो, आणि बाहेरच्या तपासनीसाने दरवर्षी किमान ५ टक्के शेतकरी तपासावे लागतात. मोठ्या गटांना वाटण्या करणे आले, खर्च वाढला. पण एक गोष्ट चांगली झाली. गट निर्यातदाराच्या खिशातून शेतकऱ्याच्या हाती येण्याची वाट मोकळी झाली. अर्थात दप्तर सांभाळणारी माणसे गटात तयार झाली तरच! सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातही गटाने दाखला घेण्याची सोय आहे. तेव्हा ज्यांना बांधावरच्या आंब्याचा दाखला हवा, त्यांनी आधी एक वही घालावी. आणि पहिल्या पानावर आपल्याविषयी नव्हे, तर शेजारच्या रानात काय फवारले जाते आणि आपल्या घरात कोणते औषध ठेवले आहे, ते लिहावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते