१७० सेंटिमीटरचा पहारेकरी

फुटबॉलमधला बचावपटू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एखादा उंचापुरा, दणकट गडी उभा राहतो. उंचावरून आलेला चेंडू डोक्याने परतवून लावणारा, अंगावर धावून येणाऱ्याला खांद्याने रेटणारा! जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून ११३ सामने खेळलेला आणि २०१४ साली संघनायक म्हणून विश्वचषक हाती घेतलेला फिलिप लाम या चित्रात मुळीच बसत नाही. त्याची उंची अवघी १७० सेंटिमीटर. जर्मनीतल्या एखाद्या शाळेत वरच्या वर्गातली मुले उंचीप्रमाणे रांगेत उभी केली, तर लामला पुढच्या निम्म्यातच जागा मिळेल.

मग अशा मुलाला निवडले कोणी? आणि तो टिकला कसा? याचे उत्तर थोडे शरीराच्या वाढीत आहे, थोडे गतिशास्त्रात आहे आणि बरेचसे डोळ्यांत आहे.

लामचा जन्म ११ नोव्हेंबर १९८३ रोजी म्युनिक शहरात झाला. त्याच शहराच्या गर्न भागातल्या एका लहानशा क्लबात तो खेळू लागला आणि अकरा वर्षांचा असताना बायर्न म्युनिक या बलाढ्य क्लबाच्या अकादमीत दाखल झाला. अकादमी म्हणजे क्लबने चालवलेली तालीमच म्हणा ना. मात्र येथे एकदा प्रवेश मिळाला म्हणजे झाले, असे नसते. मोसम संपला की प्रशिक्षक प्रत्येक मुलाचा विचार करतात आणि काहींना निरोप देतात. वर्षानुवर्षे ही गळती चालूच राहते. शेवटी मुख्य संघापर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता या निवडीतली मेख पाहा. तुमच्याच वर्गाकडे नजर टाका. आठवीतल्या एखाद्या मुलाला मिसरूड फुटलेले असते, आवाज घोगरा झालेला असतो, तर त्याच्या शेजारी बसणारा अजून पाचवीतला वाटतो. दोघांच्या जन्मतारखांत कदाचित आठ दिवसांचेच अंतर असेल. आपली हातापायांची लांब हाडे त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून वाढतात. वयात येताना ही वाढ एकदम जोर धरते आणि ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही उंच होतो. बहुतेक मुलांत हा जोर चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण कुणाला तो बाराव्या वर्षीच गाठतो, तर कुणाला सोळावे उजाडावे लागते. हाताच्या पंजाचे क्ष-किरण चित्र घेऊन डॉक्टर हाडांचे वय ठरवतात, तेव्हा एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक सापडू शकतो.

तेरा वर्षांखालच्या मुलांचा सामना पाहणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र काय दिसते? एक मुलगा साऱ्यांना मागे टाकून पळतो, दुसरा धक्का लागताच पडतो. पहिला गुणी आणि दुसरा सामान्य, असे वाटणे किती सोपे आहे! वास्तविक पहिल्याची हाडे फक्त लवकर वाढलेली असतात.

जन्मतारखेचाही असाच एक फसवा खेळ आहे. कॅनडातील रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८५ साली तेथील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी निघाली. कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असे. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या गड्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून बळकट. बळकट म्हणून त्याची निवड, निवड झाली म्हणून अधिक सराव आणि चांगले प्रशिक्षक. पुढे फुटबॉलच्या अकादम्यांतही हाच प्रकार आढळला. लामचा महिना नोव्हेंबर. जानेवारीपासून वर्ष मोजले, तर तोही शेपटाकडचाच ठरतो.

तरीही तो टिकला, कारण त्याचा खेळ बळावर उभाच नव्हता. संघाबरोबर २००१ आणि २००२ अशी दोन वर्षे त्याने तरुणांच्या गटात जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले. बायर्नच्या दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक हेर्मान गेरलांड यांनी हा लहान चणीचा मुलगा नेमका हेरला आणि दुसऱ्याच मोसमात त्याला संघनायक केले. अशा पारखी माणसाची गाठ पडणे हा नशिबाचा भाग, हे मान्य केलेच पाहिजे.

हा मुलगा करीत तरी काय होता? बचावपटूची मुख्य अडचण अशी की, पहिली चाल नेहमी दुसऱ्याची असते. डोळ्यांनी पाहिल्यापासून स्नायू हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातो. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १.४ मीटर पुढे सरकतो. सेकंदाला २० मीटर वेगाने मारलेला चेंडू तर ४ मीटर जातो. म्हणजे चेंडू हलल्यानंतर जो हलतो, त्याला उशीर झालेलाच असतो!

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे अंतर राखणे. शहाणा बचावपटू चेंडूवर झडप घालत नाही. तो दीड-दोन मीटर दूर, किंचित आडवा उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला हळूहळू मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे वळायला लावतो. त्या रेषेपलीकडे चेंडू गेला की खेळ थांबतो. म्हणजे एक बाजू ती रेषाच सांभाळते. दुसरा उपाय म्हणजे चेंडू हलण्याआधीच ओळखणे. यावर शास्त्रज्ञांनी गमतीचे प्रयोग केले आहेत. सामन्याचे चित्रण दाखवता दाखवता, चेंडूला पाय लागण्याच्या ऐन क्षणी पडदा कोरा करतात आणि विचारतात, चेंडू कुठे जाईल? नवशिके गोंधळतात. मुरलेले खेळाडू मात्र कंबरेचा कल, टेकलेल्या पायाची दिशा आणि आजूबाजूच्या गड्यांच्या हालचाली यांवरून बहुतेक वेळा बरोबर सांगतात. त्यांचे डोळे अधिक तीक्ष्ण असतात म्हणून नव्हे. कुठे पाहायचे हे त्यांना ठाऊक असते.

ही नजर बळकट मुलापेक्षा दुबळ्याला लवकर येते, असे काही संशोधक मानतात. त्याला दुसरा इलाज नसतो ना! मला हे पटते. पण एक गोष्ट विसरता कामा नये. ही नजर येण्याआधीच अकादमीतून घरी गेलेली मुले त्यांच्या मोजणीत येतच नाहीत.

आता थोडे गणित. अगदी सारख्या बांध्याचे दोन खेळाडू घ्या, एक १७० सेंटिमीटर उंच, दुसरा १९०. उंचीचे गुणोत्तर सुमारे १.१२. वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून दुसरा सुमारे ४० टक्के जड. पण जागच्या जागी गर्रकन वळण्याला जो विरोध होतो, ज्याला जडत्व-परिबल म्हणतात, तो उंचीच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढतो. तो भरतो सुमारे ७४ टक्के जास्त! स्नायूंचे वळवण्याचे बळ मात्र ४० टक्केच वाढलेले. हिशेब केला तर उंच खेळाडू पाचव्या हिश्श्याने मंद वळेल. प्रत्यक्षात दोन माणसे अशी साच्यातून काढल्यासारखी नसतात, हे खरेच. पण बाजूने बचाव करणारा लाम चपळ पंखवाल्यांना का आवरू शके, याचा अंदाज यावरून येतो. उंच चेंडूंची जबाबदारी मधल्या बचावपटूंची. तेथे उंचीला पर्याय नाही.

बायर्नच्या मुख्य संघातर्फे तो १३ नोव्हेंबर २००२ रोजी फ्रान्सच्या लान्स संघाविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरला, तेही सामना संपता संपता. पुढे जागा मिळण्याचे चिन्ह नव्हते. उजवीकडे सान्योल, डावीकडे लिझाराझू, दोघेही फ्रान्सचे नामवंत. (लिझाराझू १९९८ चा विश्वविजेता, आणि उंचीने लामएवढाच!) तेव्हा गेरलांड यांच्या शिफारशीने लाम २००३ मध्ये दोन वर्षांसाठी श्टुटगार्ट क्लबाकडे गेला. तेथे उजवी बाजू भरलेली असल्याने प्रशिक्षक फेलिक्स मागाट यांनी या उजव्या पायाच्या खेळाडूला डावीकडे उभे केले. काही महिन्यांतच, १८ फेब्रुवारी २००४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी तो क्रोएशियाविरुद्ध राष्ट्रीय संघातून खेळला. जर्मनीने सामना २-१ असा जिंकला.

पण हाडांना वेगाची घाई सोसत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कधीतरी तुटते, तसे वारंवार पडणाऱ्या ताणाने हाडात बारीक तडे जातात. विश्रांती मिळाली तर शरीर ते बुजवते. न मिळाल्यास तडा वाढतो. जानेवारी २००५ मध्ये लामच्या उजव्या पावलाचे हाड असेच मोडले. त्यातून तो सावरतो न सावरतो तोच मे महिन्यात गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात आणि मांडीचे व नडगीचे हाड जागेवर धरतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे पुरता तुटलेला बंध आपोआप सहसा नीट सांधत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक बहुधा रोग्याच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवतात आणि त्यानंतर कित्येक महिने व्यायाम करावा लागतो. लाम नोव्हेंबरात परतला, तो बायर्नकडे.

आणि ९ जून २००६ रोजी विश्वचषकाचा पहिला सामना त्याच्याच म्युनिकमध्ये झाला. समोर होता कोस्टा रिका. डाव्या हाताच्या दुखापतीमुळे आधाराचे आवरण बांधून उतरलेल्या लामने सहाव्याच मिनिटाला डावीकडून आत मुसंडी मारली आणि उजव्या पायाने चेंडू वळवून दूरच्या खांबाला लावून जाळ्यात धाडला. डावीकडे उभा केलेला उजव्या पायाचा खेळाडू काय करू शकतो, ते साऱ्या जगाने पाहिले! २०१० मध्ये तो संघनायक झाला. १३ जुलै २०१४ रोजी रिओ द जानेरोत अर्जेंटिनाला १-० ने हरवून त्याने चषक घेतला. व्यावसायिक कारकिर्दीत त्याला एकदाही लाल कार्ड दाखवले गेले नाही. बचावपटूसाठी ही नवलाचीच गोष्ट!

अकादम्याही आता थोड्या बदलल्या आहेत. इंग्लंडमध्ये २०१५ च्या सुमारास वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार मुलांचे गट पाडून सामने घेण्याचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे कबड्डीत लहान गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, त्यातलाच हा प्रकार. अशा सामन्यांत लवकर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदाच आपल्यासारख्याच बळाच्या गड्यांशी गाठ घालावी लागते. आतापर्यंत खांद्याने भागत होते, तेथे आता डोके चालवावे लागते.