गटप्रकल्पात कोणी काय लिहिले? ‘विकी’ ठेवते प्रत्येक बदलाची नोंद

शाळा-महाविद्यालयांतील गटप्रकल्पांबाबत एक तक्रार नेहमीची आहे : काम एक-दोघे करतात आणि गुण मात्र सर्वांना सारखेच मिळतात. शिक्षकाच्या हाती अखेरीस तयार वही येते. ती कशी तयार झाली, हे समजण्याचा मार्ग नसतो. ‘विकी’चा वर्गात उपयोग होऊ शकतो तो प्रामुख्याने याच ठिकाणी.

विकी म्हणजे अनेकांना एकत्रितपणे लिहिता व सुधारता येईल असे संकेतस्थळ. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी सुरू केले. प्रोग्रामरांना आपसांत कल्पनांची देवाणघेवाण करता यावी, हा त्याचा उद्देश होता. ‘विकी विकी’ या हवाईयन शब्दांचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियामुळे हे तंत्र घराघरांत पोहोचले. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ २००३ मध्ये झाला.

प्रत्येक विकी पानाला तीन महत्त्वाची अंगे असतात. ‘संपादन’ या कळीने मजकूर बदलता येतो. ‘इतिहास’ या विभागात प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि नेमका काय केला, हे नोंदले जाते व जुनी आवृत्ती परत आणता येते. ‘चर्चा’ पानावर लेखनाविषयीचे मतभेद मांडले जातात. सरावासाठी वेगळे पान असते. मराठी विकिपीडियावर त्याला ‘धूळपाटी’ हे समर्पक नाव आहे. पूर्वी मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवीत आणि पुसून पुन्हा लिहीत, तोच हा प्रकार.

समजा, चार विद्यार्थ्यांनी तालुक्यातील एका किल्ल्यावर लेख लिहायला घेतला. एकाने इतिहास लिहिला, दुसरीने पाण्याच्या टाक्यांची माहिती भरली, तिसऱ्याने शुद्धलेखन तपासले आणि चौथ्याने शेवटच्या रात्री दोन ओळी टाकल्या. छापील वहीत हे चौघे सारखेच दिसतात. विकीच्या इतिहासात दिसत नाहीत. शिवाय, एखाद्या सनावळीबाबत दोघांत वाद झाला तर कोणाचा आधार भक्कम, हे चर्चा पानावर ठरवावे लागते. पुराव्यानिशी बोलण्याची सवय येथूनच लागते.

मात्र, या नोंदीलाही मर्यादा आहेत. ग्रंथालयात बसून संदर्भ शोधणाऱ्याचे श्रम ‘इतिहासा’त उमटत नाहीत, तर स्वल्पविराम हलवणाऱ्याचे बदल मात्र संख्येने जास्त दिसतात. त्यामुळे केवळ बदलांची संख्या मोजून गुण देणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येकाने आपण काय केले, ते चर्चा पानावर लिहावे आणि शिक्षकाने दोन्ही एकत्र वाचावे, हे अधिक योग्य.

वर्गाचे स्वतंत्र विकी आणि सर्वांसाठी खुला असलेला विकिपीडिया यांतील फरक लक्षात घेणेही आवश्यक आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत प्रायोगिक कार्यक्रम राबवला. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, अशी ती योजना होती. परंतु अनेक लेखांत पुस्तके व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवलेला आढळला. स्वामित्वहक्काचा भंग करणारा हा मजकूर काढता काढता स्वयंसेवी संपादकांची दमछाक झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा प्रयोग थांबवण्यात आला. पुस्तकातील उतारा वहीत उतरवणे म्हणजे अभ्यास, ही वर्गातली जुनी समजूत जगासमोरच्या पानावर महागात पडली.

म्हणून आरंभ वर्गापुरत्या विकीने करणे श्रेयस्कर. विकिपीडिया ज्यावर चालतो ते ‘मीडियाविकी’ सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. शिक्षणसंस्थांत वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ या प्रणालीतही विकीची सोय आहे. संगणक कक्षातील एका संगणकावर मीडियाविकी बसवून तेथील अंतर्गत जोडणीवर ते चालवता येते. त्यासाठी इंटरनेट अखंड असण्याची गरज नाही. अज्ञान विद्यार्थ्यांची खरी नावे व छायाचित्रे मात्र सार्वजनिक पानांवर येऊ देऊ नयेत.

आजी-आजोबांनी सांगितलेली गावच्या दुष्काळाची आठवण विकिपीडियावर चालत नाही. तेथे प्रकाशित संदर्भ लागतो. वर्गाच्या विकीवर मात्र ती सांगणाऱ्याच्या संमतीने नोंदवता येते. पुढच्या वर्षीच्या तुकडीला तीच पाने पुढे वाढवता येतात. परीक्षेनंतर रद्दीत जाणाऱ्या प्रकल्पवहीला ही संधी मिळत नाही.