मोबाईलला आपली आवड कशी कळते?

रमजानमध्ये मुंब्रा, भिवंडी किंवा कल्याणच्या कोणत्याही घरात दिसावे असे हे चित्र. अम्मी शीरखुर्म्याची कृती पाहायला मोबाईल घेते. कृती संपते आणि दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, मग तिसरा. चौथ्यात कोणीतरी सांगत असतो, 'हा काढा प्या, डायबिटीसची गोळी बंद करा.' शेजारी बसलेले नाना कान देऊन ऐकतात. त्यांना मधुमेह आहे आणि ते रोजेही ठेवतात. हा व्हिडिओ तर कोणीच मागितला नव्हता. मग तो आला कसा?

ईदच्या आधी किराणा दुकानात शेवयांशेजारीच चारोळी आणि खजूर मांडलेले असतात. दुकानदार आपल्याला ओळखत नसला तरी शेवया नेणारा चारोळीही नेतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. संगणकाची शिफारस यंत्रणा याच तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटी येथील संशोधकांनी १९९४ मध्ये 'ग्रुपलेन्स' ही पद्धत मांडली. ज्यांची पसंती आपल्याशी जुळते, त्यांना आवडलेले आपल्याला सुचवायचे, अशी ती होती. पुढे मिनेसोटातच पीएचडी करणारे बद्रुल सरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माणसांऐवजी वस्तूंची जुळणी करून पाहिली. त्यामुळे ग्राहक प्रचंड संख्येने असले तरी शिफारस झटपट करता येऊ लागली. आजच्या यंत्रणा याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत, पण मूळ विचार हाच.

फरक एवढाच, की लहान मुलाने तंबाखू मागितली तर चांगला दुकानदार त्याला हटकतो. यंत्र मात्र किती जणांनी व्हिडिओ उघडला, किती वेळ पाहिला, हे मोजते. लोकांनी जास्त पाहिले म्हणून ते खरे किंवा हिताचे ठरत नाही.

लखनौत जन्मलेल्या रश्मी सिन्हा यांनी कर्स्टन स्वेअरिंजन यांच्यासह गाणी सुचवणाऱ्या पाच यंत्रणा तपासल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की एखादी शिफारस का झाली हे कळले तर लोकांचा तिच्यावर अधिक विश्वास बसतो. आपल्या पडद्यावर हे कारण क्वचितच दिसते. म्हणून 'हे माझ्यासमोर का आले?' हा प्रश्न आपणच विचारायचा.

घरात करता येण्यासारखे बरेच आहे. यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे 'ऑटोप्ले' बंद करता येते. नको त्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'नॉट इंटरेस्टेड' निवडता येते. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद, म्हणजे 'वॉच हिस्टरी', पुसता किंवा थांबवता येते. मुलांसाठी वेगळे खाते ठेवावे, म्हणजे मोठ्यांच्या पाहण्याचा माग त्यांच्या पडद्यावर येणार नाही.

आणि नानांची गोळी? ती कधी घ्यायची, किती घ्यायची आणि रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. डॉक्टर नानांना ओळखतात, मोबाईल नाही.