आधी कान, मग तोंड

आरोंदा गाव तेरेखोल नदीच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे गोवा. दोन्ही काठांवर हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. शेजार आला की बोलणे आले, गजाली आल्या. आणि बोलण्यातून भांडणेही आली.

समजा, दोन ख्रिस्ती भावांत गडग्यावरून वाद झाला. थोरला म्हणाला, “गडगो माझ्या जागेत इलो.” धाकटा म्हणाला, “माझा जरा आयकून तरी घे.” थोरल्याने ऐकले नाही. चार माणसांत तो धाकट्याला “चोर” म्हणाला. झाले! गडगा काय, दोन हात मागे घेता येतो. पण तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येत नाही. मग वर्षानुवर्षे अबोला राहतो. आई आजारी पडते, तेव्हाही एक भाऊ पुढच्या दाराने येतो आणि दुसरा मागच्या दाराने.

दोघेही रविवारी इगर्जीत जातात. मग तिथली शिकवण घरी का येत नाही? याचा आपण विचार करू.

बायबलमध्ये याकोबाचे पत्र आहे. त्यात ऐकण्याची घाई करायला सांगितले आहे. बोलायला आणि रागवायला मात्र उशीर लावायला सांगितले आहे. आपण नेमके उलटे करतो.

प्रभू येशू कसा ऐकत असे, ते लूकच्या शुभवर्तमानात दिसते. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस होता. दोन शिष्य दुःखी होऊन अम्माऊस गावाची वाट चालत होते. येशू त्यांच्याबरोबर चालू लागला. त्यांनी त्याला ओळखले नाही. येशूला सगळे ठाऊक होते. तरी त्याने विचारले, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? त्यांनी आपले सारे दुःख सांगितले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले. मग तो बोलला. त्यांची चूकही त्याने स्पष्ट सांगितली. पण आधी ऐकले, मग सांगितले.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट याच्या उलट आहे. ईयोबाची मुले गेली, धन गेले, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ गप्प बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्याच पापाचे हे फळ, असे त्याला ऐकवू लागले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. दुःखाच्या घरी जाताना ही गोष्ट आपण आठवावी.

आता आपल्या शेजारची, गोव्यातली एक खरी हकिगत सांगतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे राहणारे. सहा महिन्यांहून जास्त दिवस जहाजात काढून ते १५७९ साली गोव्यात आले. तेव्हा तिथे पोर्तुगिजांचे राज्य होते. राज्यकर्त्यांनी १५६७ साली सासष्टीतली देवळे पाडली होती. लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी होती. हुकूम करणारे पुष्कळ होते, ऐकणारे थोडे.

स्टीफन्स सासष्टीत राहिले. तिथल्या लोकांचे बोलणे त्यांनी कान देऊन ऐकले. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. एकदा ख्रिस्ती शिकवण चालली असता एका ब्राह्मणाने गाऱ्हाणे मांडले. तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्हांला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? असा त्याचा सवाल होता.

हुकमाच्या त्या काळात असे विचारणे सोपे नव्हते. स्टीफन्स यांना त्याचे तोंड बंद करता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्या सवालात खरे दुःख आहे, हे त्यांनी ओळखले. बंदी काही उठली नाही. पण त्यांनी लोकांच्या ओळखीच्या ओवीत, मराठी भाषेत, येशूची कथा लिहिली. तिच्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. हेच ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ते गाऱ्हाणेही त्यांनी लपवले नाही. ग्रंथाच्या आरंभीच ते लिहून ठेवले आहे.

१६१९ साली स्टीफन्स वारले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला. लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी आणि पोर्तुगीज बोलावे, असा तो हुकूम होता. पण लोकांनी घरात कोकणी बोलणे सोडले नाही. १९८७ साली कोकणी गोव्याची राजभाषा झाली. ‘ख्रिस्तपुराण’ही लोकांनी हाताने उतरून जपले. १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापले गेले. न ऐकता काढलेला हुकूम गेला. ऐकून लिहिलेले पुस्तक राहिले.

आपण काही पुराण लिहिणार नाही. पण ऐकणे आपल्याला जमेल. समोरचा बोलत असता मध्येच तोंड घालू नये. त्याचे संपले की विचारावे, “तुझे म्हणणे असेच ना?” तो “होय” म्हणाला, की मग आपले सांगावे. कोणी विश्वासाने घरची गोष्ट सांगितली, तर ती बाजारात नेऊ नये.

ऐकणे म्हणजे होला हो म्हणणे नव्हे. चूक दिसली तर सांगावीच. पण कशी? मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात याची रीत आहे. भावाने अपराध केला, तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे. दोघांतच बोलावे. नाही ऐकले, तर एकदोघांना बरोबर न्यावे. मंडळीपुढे गोष्ट नेणे हे त्याच्याही नंतरचे. आपण मात्र आधी गावाला सांगतो आणि भावाला शेवटी.

त्या दोन भावांकडे पुन्हा पाहू. थोरल्याने एका संध्याकाळी एकट्याने धाकट्याच्या ओटीवर जाऊन बसावे. म्हणावे, “त्या दिवशी मी तुझे ऐकले नाही. आज सांग, मी ऐकतो.” गडगा कोणाचा, ते मोजणी ठरवील. पण आईच्या खाटेजवळ दोघे भाऊ एका दाराने येतील.