अस्वलांच्या दारी

अस्वल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो दरवेशी, आणि त्याच्यामागून नाकात वेसण घालून फरफटत चाललेले ते केसाळ, केविलवाणे जनावर. तो खेळ आता बंद झाला, हे फार चांगले झाले. मेळघाटात किंवा चंद्रपूरकडे मोहाची फुले वेचायला रानात शिरणाऱ्या बायाबापड्यांना मात्र निराळेच अस्वल ठाऊक आहे. तिथे ते अचानक पुढ्यात आले, की पाचावर धारण बसते. एक तर वेसण, नाही तर जिवावरचा प्रसंग! अस्वलाशी आपली ओळख झाली ती अशी दोन टोकांची.

पण जगात एक किनारा असा आहे, की तिथे सात-आठ माणसे लहानशा होडीतून उतरतात, गवताच्या कडेला मुकाट्याने बसतात, आणि समोर दहा-दहा मणांची तपकिरी अस्वले आपापल्या उद्योगात रमलेली असतात. ना पिंजरा, ना कुंपण. हे कसे काय जमते? आज त्याचाच थोडा विचार करू.

हा किनारा अलास्कातला, कॅटमायचा. समोर शेलिकॉफची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे कोडियाक बेट. 6 जून 1912 रोजी येथे नोव्हारुप्ता नावाचा ज्वालामुखी फुटला. कोडियाकवर इतकी राख पडली, की भरदिवसा काळोख झाला. या ज्वालामुखीच्या प्रदेशाला 1918 साली सरकारी संरक्षण मिळाले, 1931 साली त्याची हद्द वाढवली ती अस्वलांच्याही रक्षणासाठी, आणि 1980 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. आज या उद्यानात सुमारे 2,200 तपकिरी अस्वले असावीत असा अंदाज आहे. किनाऱ्यापर्यंत रस्ता नाही. जायचे तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, नाही तर बोटीने.

बोटीची रीत अशी. मोठी बोट एखाद्या खाडीत नांगर टाकते. राहणे, जेवणे, झोपणे सारे तिच्यावरच. किनाऱ्यावर जायचे ते रबरी होडीतून, आणि तेही भरती-ओहोटी पाहून. येथे उधाणाच्या दिवसांत पाणी पंधरा-वीस फूट चढते नि उतरते. वेळ चुकली तर होडी चिखलात रुतून बसायची. शिवाय अस्वलांचा दिनक्रमही याच पाण्याने ठरतो. आपल्याकडे कोकणात ओहोटी लागली की बाया तिसऱ्या काढायला खाडीत उतरतात ना, अगदी तशीच ही अस्वले उघड्या पडलेल्या वाळूवर येतात. वास घेत फिरायचे, पंजाने उकरायचे, शिंपले बाहेर काढायचे आणि नखांनी अलगद उघडून आतला गर खायचा. एवढे धिप्पाड जनावर, पण बोटे कशी सोनाराची!

तपकिरी अस्वल वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ गुहेत निजून काढते. त्या काळात खाणे नाही, पिणे नाही. ऐन हिवाळ्यात मादी त्या गुहेतच पिलांना जन्म देते. जन्मतः पिलू जेमतेम अर्धा किलोचे. पुढे दोन-तीन वर्षे ते आईच्या मागे असते. म्हणजे उरलेल्या सहा-सात महिन्यांतच वर्षभराची बेगमी करायची. वसंतात बाहेर आल्यावर ही अस्वले खाऱ्या दलदलीतले लव्हाळ्यासारखे कोवळे गवत गाईगुरांसारखी चरतात. त्यात प्रथिने भरपूर असतात. जुलैपासून सामन मासे समुद्रातून ओढ्यांत चढू लागतात, आणि मग काय, दिवाळीच! मासा मुबलक असला तर अस्वल त्याची कातडी, मेंदू आणि गाबोळी तेवढी खाते, कारण चरबी तिथे असते. बाकीचे टाकून देते. त्यावर समुद्रपक्षी, गरुड आणि कोल्हे जगतात, आणि राहिलेले कुजून काठच्या झाडांना खत होते.

येथेच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आतल्या डोंगराळ मुलखातले ‘ग्रिझली’ आणि हे किनाऱ्यावरचे अस्वल, दोघे एकाच जातीचे. आपल्या हिमालयातले तपकिरी अस्वलही त्याच जातीचे. पण आतल्या अस्वलाला पोटासाठी मैलोन्‌मैल भटकावे लागते, म्हणून ते दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. किनाऱ्यावर पंगत मोठी. एकाच ओढ्यावर दहा-वीस अस्वले शेजारी उभी राहून मासे धरतात. शेजाऱ्याला सहन करायला ती लहानपणापासून शिकतात, आणि शांत बसलेला माणूस हा त्यांच्या लेखी आणखी एक निरुपद्रवी शेजारी ठरतो.

उरलेले अर्धे उत्तर माणसाच्या वागण्यात आहे. उद्यानाचा नियम असा, की अस्वलाच्या 50 यार्डांच्या आत आपण होऊन जायचे नाही. वाटाड्या पुढे, बाकीचे त्याच्या पाठोपाठ, एकमेकांना धरून. दाट झुडपांत शिरायचे नाही. उघड्यावर, अस्वलाला दुरूनच दिसेल असे बसायचे. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठाण मांडायचे नाही. पळायचे तर मुळीच नाही. अस्वल जांभया देऊ लागले, त्याच्या तोंडाला लाळ सुटली, ते जबडा वाजवू लागले, तर समजावे की पाहुण्यांचे जरा जास्त झाले. आणि सगळ्यांत कडक नियम खाण्याचा. माणसाला सरावलेले अस्वल आणि माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले आपल्याकडे दुर्लक्ष करते; दुसरे आपल्या पिशवीकडे येते, आणि शेवटी बहुधा बंदुकीच्या गोळीला बळी पडते. चूक माणसाची, शिक्षा अस्वलाला!

या शिस्तीला किती मोल आहे, हे दोन उदाहरणांवरून कळेल. कॅटमायच्या उत्तरेला लागूनच मॅकनील नदीचे अभयारण्य आहे. 1967 साली ते स्थापन झाले. तेथे दिवसाला दहाच पाहुणे, तेही सोडतीने निवडलेले. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. तिथल्या धबधब्यावर एका वेळी सत्तरहून अधिक अस्वले मोजली गेली आहेत. पण ही परवान्याची पद्धत सुरू झाल्यापासून एकाही पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही. उलट कॅटमायच्याच काफ्लिया उपसागराकाठी टिमोथी ट्रेडवेल हा गृहस्थ अस्वलांच्या वाटांवरच, झुडपांत तंबू ठोकून राहत असे. तेरा उन्हाळे त्याने या अस्वलांच्या सहवासात काढले. त्याचे अस्वलांवर प्रेम होते, यात शंका नाही. पण ऑक्टोबर 2003 मध्ये, मासे सरत आले असताना, तो आणि त्याची सोबतीण दोघेही अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावली. आणि शोधाला गेलेल्या पथकाने दोन अस्वले गोळ्या घालून मारली. प्रेम होते, अंतर राहिले नाही.

तेव्हा ‘लहान गट’ ही काही केवळ श्रीमंती चैन नव्हे. दहा माणसे एकसारखी वागू शकतात, शंभर नाही वागू शकत. काल आलेले पाहुणे जसे वागले तसेच आजचे वागतील, या भरवशावर ते अस्वल पिलांना घेऊन आपल्यासमोर निवांत चरत असते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे ऐकून कुणी विदर्भाच्या रानात अस्वलापुढे मांडी घालून बसू नये बरं का! आपले अस्वल निराळ्या जातीचे. वाघाच्या शेजारात वाढलेले, त्यामुळे बिचकले की ते आधी अंगावरच येते. कॅटमायची रीत कॅटमायपुरती. पण तिच्यामागचे तत्त्व कुठेही लागू आहे. आपण दुसऱ्याच्या दारी आलो आहोत, हे पाहुण्याने विसरू नये. भरती आली की वाळूवरचे आपले ठसे पुसले जातात. आपण कसे वागलो ते मात्र अस्वलाच्या ध्यानात राहते, आणि त्याचा हिशेब उद्या येणाऱ्या पाहुण्याला चुकवावा लागतो.