शोधनिबंधाचा आराखडा: आधी प्रश्न, मग मुद्दे

आज आराखड्याबद्दल बोलू, म्हणजे लिहायच्या आधीच्या कच्च्या कागदाबद्दल.

एम.ए.ला असताना मी शोधनिबंधाचा विषय घेतला, 'यवतमाळ जिल्हा आणि कीटकनाशके'. आराखडा पाच मिनिटांत तयार! प्रस्तावना, प्रकार, फायदे, तोटे, उपसंहार. बाईंनी एवढंच विचारलं, "यात तुझं गाव कुठंय रे?"

2017 च्या फवारणीच्या हंगामात जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. माझे काका तेव्हा मजुरीनं फवारायला जायचे. आणि माझ्या कागदावर काय, तर 'तोटे'.

मग वर प्रश्न लिहिला: त्याच वर्षी इतकी माणसं का गेली? मुद्दे पूर्ण वाक्यांत मांडले. बऱ्याच शेतांत कपाशी डोक्याच्या वर गेली होती. त्यामुळे नळी उंच धरावी लागे आणि फवारा तोंडावर येई. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात. हातमोजे, मास्क बहुतेकांकडे नव्हते. औषध मालक निवडायचा, फवारायचा मजूर.

आता एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि क्रम बदलून बघा. 'प्रकार, फायदे, तोटे' कसेही लावा, काही बिघडत नाही. म्हणजे ती नुसती यादी. कपाशीची उंची मात्र फवाऱ्याच्या आधीच यावी लागते. चिठ्ठीखाली पुरावाही नोंदवा: चौकशी अहवाल, बातमी की कुणाचं सांगणं. माझ्या मालक-मजूर चिठ्ठीखाली एकटे काकाच होते. ती बाजूला ठेवली अन् आधी आणखी मजुरांना भेटून आलो.

प्रस्तावना? ती सगळ्यात शेवटी लिहिली.