संगणकावर चालणारा प्रेस ब्रेक

बेळगावच्या उद्यमबागेत पत्रा वाकवणारा प्रेस ब्रेक तुम्ही पाहिला असेल. त्याचा पंच पत्र्याला व्ही आकाराच्या डायमध्ये दाबतो. डायचे तोंड साधारणपणे पत्र्याच्या जाडीच्या ८ पट ठेवतात, २ मि.मी. पत्र्याला १६ मि.मी.

असे छोटे यंत्र घरीही बनवता येते. २०० पावलांत एक फेरा घेणारी स्टेपर मोटर ५ मि.मी. पिचचा स्क्रू फिरवते, तेव्हा पत्रा टेकवायचा मागचा थांबा दर पावलाला ०.०२५ मि.मी. सरकतो.

मात्र दाब काढताच पत्रा किंचित उलगडतो. किती, ते आधी नमुन्याचा तुकडा वाकवून मोजावे आणि तेवढे जास्त वाकवायला संगणकाला सांगावे.

संगणकाला बोटे दिसत नाहीत. म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय पंच खाली येणार नाही, अशी जोडणी सर्वांत आधी, जाणकारांच्या देखरेखीखाली करावी.